तीन अक्षरे आणि वऱ्हाड
(अकोला येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आम्ही आपणांस तीन इंग्रजी अक्षरांची हकीकत सांगणार आहो. ती अक्षरे म्हणजे जी. सी. बी. आपण म्हणाल, नांगर धरणाऱ्यास व हातमाग चालवणाऱ्यास ह्यांच्याशी काय काम? काम आहे. ज्या काळ्या जमिनीत आपण कपाशी पेरतो, तिच्या नावाशी ही अक्षरे जोडली गेली आहेत.

इंग्लंडात 1725 साली पहिल्या जॉर्ज राजाने 'बाथ' नावाचा सरदारांचा पंथ स्थापिला. बाथ म्हणजे स्नान. जुन्या काळी वीरास दीक्षा देण्यापूर्वी स्नान घालीत, त्यावरून हे नाव. 1815 साली ह्या पंथाच्या तीन पायऱ्या झाल्या. सर्वांत वरची जी. सी. बी. ती मिळालेल्याने उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत किरमिजी रेशमी पट्टा घ्यावा, छातीवर डावीकडे तारा लावावा, मोठ्या समारंभास किरमिजी झगा व सोन्याचा हार घालावा. मात्र नियम असा की, मानकरी वारला म्हणजे हार परत करावा लागतो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. निजामाच्या नावाने ठेवलेल्या फौजेचा खर्च थकला, म्हणून 1853 साली इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या कारभारात घेतला. खर्च वजा जाता उरेल ती रक्कम निजामास द्यावयाची, असे ठरले. पुढे 1899-1900 चा दुष्काळ आला. माणसे मेली, गोठे ओस पडले. त्या जखमा ओल्या असतानाच 1902 साली लॉर्ड कर्झन हैदराबादेस गेला. त्याने निजामाची समक्ष भेट घेतली, आणि 5 नोव्हेंबर 1902 रोजी करार झाला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे, आणि निजामास दरसाल 25 लाख रुपये. सारा कितीही वाढो, निजामाचा आकडा तोच.

दोन महिने झाले नाहीत तोच, 1903 च्या जानेवारीत, दिल्ली दरबाराच्या वेळी निजाम मीर महबूब अली खान यांस जी. सी. बी. मिळाली. पदवी ही प्रांताची किंमत होती, असे आम्ही म्हणत नाही. पण लोकांची जीभ कोण धरणार? त्यांनी त्या अक्षरांचा अर्थ लावला, 'गेव्ह कर्झन बेरार', म्हणजे कर्झनला वऱ्हाड देऊन टाकला! 1936 साली निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' हीही पदवी मिळाली. कारभार मात्र होता तेथेच राहिला.

बंधूंनो, येथेच विचार करा. सोन्याचा हार परत द्यावयाचा, आणि जमीन मात्र कायमची घ्यावयाची! देणारा एक, घेणारा दुसरा, आणि ज्याच्या घामावर प्रांत उभा तो तिसरा. त्या तिसऱ्यास कोणी विचारले? पट्टा लिहिताना एका कुणब्यास, एका माळ्यास, एका कोष्ट्यास वा सुतारास कोणी बोलावले नाही. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात; पण कुऱ्हाडीचा दांडा दुसऱ्याच्या हाती होता.

सर्वच पदव्या पोकळ असतात, असे मात्र नाही. शाहू छत्रपतींस सरकारने जी. सी. एस. आय., जी. सी. व्ही. ओ. व जी. सी. आय. ई. अशा तीन मोठ्या पदव्या दिल्या. त्या आज किती घरांत ठाऊक आहेत? परंतु 1919 साली कानपुरास कुर्मी बांधवांनी दिलेली 'राजर्षी' ही पदवी लेकराच्याही तोंडी आहे. तिला पट्टा नाही, तारा नाही. ती वसतिगृहे काढून, मागासलेल्यांस निम्म्या जागा राखून कमावलेली आहे.

26 जानेवारी 1950 पासून आपल्या राज्यघटनेने सरकारी किताब बंद केले. मानाची हाव मात्र कायद्याने बंद होत नाही. आजही शाल येते, नारळ येतो, फोटो निघतो, आणि त्याच बैठकीत एक कागद सहीसाठी पुढे सरकतो. आमचे सांगणे एवढेच की, शाल खुशाल घ्या; पण सही करण्यापूर्वी कागद घरी आणा, लेकीसुनांकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि विचारा की, ह्या मानाच्या बदल्यात आमचे काय जाते? वऱ्हाडाचा पट्टा झाला तेव्हा हे विचारणारा कोणी नव्हता. आज आपण आहो.