वडीलधाऱ्यांसमवेत एक दिवस
(रुग्ण-नातेवाईक मेळाव्यातील भाषण)



दिवाळीनंतर परगावची मुले घरी येतात, आई-वडिलांना फिरवून आणण्याचा बेत ठरतो. हेतू स्तुत्यच, परंतु बारामती, भिगवण, इंदापूर आणि नीरा-नरसिंहपूर एकाच दिवसात उरकायचे म्हटले, की वडीलधाऱ्यांचा दिवस गाडीतच जातो.

सकाळी एक स्थळ, दुपारी विश्रांती, उन्हे उतरल्यावर जमल्यास दुसरे, एवढे पुरे. मोरोपंतांनी १७९४ साली बारामतीत देह ठेवला. ज्यांना त्यांच्या आर्या मुखोद्गत आहेत, अशा आजोबांना कऱ्हाकाठी निवांत बसू द्यावे. नरसिंहपूरच्या संगमावर घाटाच्या पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असल्यास आग्रह नको. भिगवणला हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी होडीतून पाहणे झेपत नसेल, तर काठावर खुर्ची टाकावी.

एक गोष्ट मात्र आम्ही निक्षून सांगतो. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने कित्येक माता सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर येते, तोल जातो, प्रसंगी खुब्याचे हाड मोडते. संकोचापोटी त्या हे मुलांना सांगत नाहीत. म्हणून स्वच्छतागृहे आधीच पाहून ठेवावीत व तसे त्यांना सांगावे. लघवीची गोळी परस्पर टाळू नये. वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबवू नये. औषधे डिकीत नव्हे, हाताशी असावीत.

आणि कुठे जायचे, हे प्रथम त्यांनाच विचारावे. पुष्कळदा उत्तर येते, "इंदापूरला, थोरल्या बहिणीकडे."