सही आणि साक्ष

इ. स. १५४६ च्या मे महिन्यात सेंट फ्रान्सिस झेवियर गोव्यापासून समुद्रमार्गे शेकडो कोस दूर, अंबोन बेटावर होते. युरोपातील सोबत्यांना तेथून लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळविले की, सोबत्यांच्या पत्रांतून त्यांनी स्वहस्ते लिहिलेली त्यांची नावे कापून घेऊन ते ती सदैव आपल्याजवळ बाळगतात. ज्यांचे पार्थिव अवशेष पाहावयास आज जुन्या गोव्यात जगभरचे लोक येतात, त्या संताला गोव्याशी नाते असलेला पहिला स्वाक्षरी-संग्राहक म्हटले तर ते अगदीच वावगे होणार नाही. पत्रातून नाव कापणे हे आजच्या शास्त्राप्रमाणे मोठेच पाप! पण त्या चिठोऱ्यांच्या खरेपणाविषयी त्यांना शंका येण्याचे कारणच नव्हते. पत्रे त्यांनाच आलेली, लिहिणारे हात ओळखीचे, आणि मध्ये कोणी विक्रेता नाही.

श्रोतेहो, स्वाक्षरीची सारी किंमत या ‘मध्ये कोणी नाही’ या गोष्टीत आहे. हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. ‘दस्तुरखुद्द’ हा शब्द आपण आज ‘स्वतः’ या अर्थी सहज वापरतो; त्याचा मूळ अर्थ ‘स्वतःच्या हस्ताक्षरातले’ असा आहे. मराठी दस्तऐवजात मजकूर कोणाच्या हातचा, हे ‘बकलम’ या शब्दाने नोंदविले जाई. ज्याला लिहिता येत नसे तो शेतकरी नांगराची निशाणी करी, आणि ती कोणाची हे दुसरा लिहून देई. शेवटी साक्ष घालणाऱ्यांची नावे येत. पेडणे व डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरच्या पंचविशीपर्यंत सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होते. पेडणे तर १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. त्यामुळे या भागाच्या जुन्या व्यवहारात मोडी कागद आणि त्यावरील साक्षी यांना मान होता. पुढे पोर्तुगीज नोटरी आला, तोही तोच विवेक घेऊन. सही ओळखण्याचे त्याच्याकडे दोन प्रकार होते : एक, आपल्यासमोर केलेली सही, दुसरा, दप्तरातील नमुन्याशी ताडून पाहिलेली सही. पहिलीचे वजन दुसरीहून अधिक.

स्वाक्षऱ्यांच्या आजच्या बाजारात नेमके उलटे झाले आहे. तेथे साम्य विकले जाते आणि साक्ष कोणी विचारीत नाही. एके काळी शाळेतील मुलगा वही घेऊन सभेच्या मंडपात तासभर तिष्ठत असे. महात्मा गांधी सहीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीत जमा करीत; तरीही लोक आनंदाने रांग लावीत. आज पेडणे महालातच मोपा येथे २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत. पण तेथे एखादा नट वा क्रिकेटपटू दिसला की मुले वही काढीत नाहीत, मोबाइल काढतात. वहीची हौस मात्र मेलेली नाही. ती इंटरनेटवर गेली आहे. घरबसल्या बोट टेकवावे आणि कवीची, गायिकेची, पंतप्रधानांची सही टपालाने दारात यावी, अशी सोय झाली आहे. सोबत रंगीत शिक्क्याचे ‘अस्सलपणाचे प्रमाणपत्र’ही येते. ते प्रमाणपत्र बहुधा विकणाऱ्यानेच छापलेले असते, म्हणजे चोरानेच स्वतःला दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला!

हा धंदा कोठवर जातो, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. १९९९ साली तेथील एफ. बी. आय. या तपास यंत्रणेने बनावट सह्या विकणाऱ्या एका मोठ्या टोळीवर धाडी घातल्या. टोळीच्या मालात मुख्यतः खेळाडूंच्या सह्या होत्या. परंतु मदर तेरेसा यांच्या सहीचे बेसबॉलचे चेंडूही होते! कलकत्त्याच्या त्या साध्वीने चेंडूवर सही कशाला केली असेल, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडला असता तर चेंडू खपलाच नसता.

विद्वानही या मोहातून सुटत नाहीत. मिशेल शाल हा एकोणिसाव्या शतकातील थोर फ्रेंच गणिती. व्रँ-लुका नावाच्या माणसाने त्याला हजारो पत्रे विकली. त्यांत क्लिओपात्राची पत्रे होती, मेरी मॅग्दलीनचीही होती, आणि ती सारी फ्रेंच भाषेत होती! १८७० साली व्रँ-लुकाला शिक्षा झाली. गणिती भोळा होता असे म्हणून हसून सोडता येईल. पण खरी गोष्ट अशी की, त्याला ती पत्रे खरी असावीत असे मनापासून वाटत होते. बनावट सही विकणारा अक्षराची नक्कल मागाहून करतो. प्रथम तो गिऱ्हाइकाची इच्छा ओळखतो.

आपल्याकडे ही इच्छा कोणत्या नावांवर बसेल, हे सांगणे अवघड नाही. डॉ. भाऊ दाजी लाड हे पेडणे महालातील मांद्र्याचे. शणै गोंयबाब, म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, यांचा जन्म १८७७ साली डिचोलीत झाला. समजा, उद्या या दोघांच्या सह्यांचे कागद विक्रीस आले, तर काय पाहावे? प्रथम लेखणी. भाऊ दाजी १८७४ साली निवर्तले. गोंयबाब १९४६ साली. बॉलपेन दुकानांतून मिळू लागले ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. तेव्हा भाऊ दाजींची सही बॉलपेनने केलेली असेल तर पुढे बोलणेच नको, आणि गोंयबाबांचीही तशीच असली तर दहा वेळा विचार करावा. मग कागद. गेल्या शतकाच्या मध्यानंतर कागदात शुभ्रता आणणारी रसायने सर्रास मिसळली जाऊ लागली. नोटा तपासण्यासाठी व्यापारी जो अतिनील दिवा वापरतात, त्याखाली असा कागद निळसर चमकतो. जुना कागद सहसा मंद दिसतो. अर्थात कोऱ्या जुन्या पानावर नवी सही करता येतेच, म्हणून कागद जुना निघाल्याने काम संपत नाही.

नंतर भिंग घ्यावे. छापील सहीत रंगाचे ठिपके दिसतात. गिरवलेल्या सहीत हात अडखळलेला असतो, रेषा सर्वत्र सारखीच जाड असते, आणि जेथे लेखणी उचलण्याचे कारण नाही तेथे ती उचललेली दिसते. खरी सही वेगाने केलेली असल्यामुळे तिची टोके निमुळती होतात. आणखी एक मौजेची गोष्ट : एकाच माणसाच्या दोन खऱ्या सह्या कधीही तंतोतंत जुळत नाहीत. विक्रीस ठेवलेल्या दोन सह्या एकमेकींवर बिनचूक बसल्या, तर त्यांपैकी निदान एक तरी खोटी समजावी.

एवढे करूनही मुख्य प्रश्न उरतोच, आणि तो विक्रेत्याला लेखी विचारावा : हा कागद कोठून आला, कोणाकडे होता, सही कोणासमोर झाली? उत्तर टाळले जात असेल तर पैसे खिशातच ठेवावेत. पैसे गेलेच, तर विक्रेत्याशी झालेला संवाद पुसून न टाकता १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार करावी. बनावट दस्त करणे आणि फसवणूक हे भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत. थोड्याशा रकमेसाठी कोण कटकट करतो, असे म्हणून बहुतेक लोक गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यावरच हा बाजार चालतो.

खोटी सही ही केवळ हौशी माणसांची डोकेदुखी आहे, असे गोव्यात तरी कोणी म्हणू नये. मृत किंवा परदेशी गेलेल्या मालकांच्या जमिनी बनावट जुन्या दस्तांच्या आधारे बळकावल्याच्या तक्रारींसाठी सरकारला २०२२ साली विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि निवृत्त न्यायमूर्तींच्या चौकशी आयोगाने २०२३ साली आपला अहवाल दिला. मेलेल्या माणसाची सही वहीत चिकटवली तर हौस फसते. दस्तावर उमटली तर घर जाते.

म्हणून हा छंद मुलांना लावावा तो साक्षीसकट. सही घेतल्यावर पानाच्या मागे पेन्सिलीने तारीख, गाव, प्रसंग आणि सोबत कोण होते हे लिहावे. पेडण्याकडच्या जत्रेत रात्रभर दशावतार पाहून पहाटे राजाचे काम करणाऱ्या नटाची सही घेतली, तर नाटकाचे नावही नोंदवावे. विकत घेतलेल्या दहा नामांकित सह्यांहून ते पान मोलाचे ठरेल. लेखकाला पत्र लिहून सही मागविली, तर पाकिटही जपावे, कारण टपालाचा शिक्का हा बिनपगारी साक्षीदार आहे. सही कापू नये, प्लॅस्टिकमध्ये वितळवून बंद करू नये, उन्हात टांगू नये.

घरातल्या जुन्या पेटीत मोडी कागदांचे रुमाल असतील तर त्यांविषयी थोडी अधिक सावधगिरी हवी. ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाचे हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांहून जुने असेल, तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे ते पुरावस्तू ठरते आणि ते परदेशी परस्पर पाठविता येत नाही. एखादा गोड बोलणारा गृहस्थ दारात येऊन खालची सही आणि शिक्का तेवढा मागू लागला, तर कागद त्याच्या हाती देण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्याकडून तो अथपासून इतिपर्यंत वाचून घ्यावा. त्यात घराच्या हद्दी लिहिलेल्या असू शकतात.