दोन डबे आणि एक डबा

वसई-विरारच्या लहान मुलांना लोकल गाडीचं वेड असतंच. स्वमग्न मुलांपैकी काहींना तर वेळापत्रकही तोंडपाठ असतं. या मुलांना बेरीज शिकवायची, तर सुरुवात अशा आवडीतूनच करावी.

काड्यापेट्यांचे डबे करा. दोन डबे ठेवा, मुलाच्या हातानेच आणखी एक जोडू द्या आणि सगळे मोजायला सांगा. हे जमलं की कागदावर डब्यांचं चित्र, आणि मग अंक. घाई केली की मूल उत्तर पाठ करतं, बेरीज शिकत नाही. बोलणं मोजकं ठेवा. आज ‘मिळवा’, उद्या ‘बेरीज करा’ असं नको. जे मूल बोलत नाही, त्याने अंकाच्या कार्डावर बोट ठेवलं तरी ते उत्तरच. हात धरून करून घेत असाल, तर तो आधार हळूहळू कमी करा.

खरी अडचण पुढे येते. डब्यांवर जमलेली बेरीज केळ्यांवर अडते, कारण शिकलेलं नव्या वस्तूवर वापरणं या मुलांना अनेकदा अवघड जातं. म्हणून चमचे, चिंचोके, केळी अशा वस्तू बदलत राहा. मग कधीतरी फलाटावर सांगा, बारा डब्यांना तीन जोडले की पंधरा डब्यांची लोकल!

घरच्या सरावासोबत शाळेचा आधारही घ्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित असेल, तर 6 ते 18 वयात मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. जवळच्या शाळेत विशेष शिक्षकांची चौकशी जरूर करा.