आनंद आणि ‘बरं वाटलं’

राळेगावच्या बाजारात कापूस विकून परतणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून पाहा, “काय भाऊ, आनंद झाला ना?” तो आधी तुमच्या तोंडाकडे पाहील. शब्द त्याला ठाऊक नाही, असे नव्हे. सरकारी पत्रात ‘कळविण्यास आनंद होतो’ असा तो येतो, शेजारच्या पोराचे नावही आनंदच असते. पण स्वतःविषयी बोलताना तो म्हणेल, “भाव बरा भेटला, मले बरं वाटलं.” ताप उतरल्यावर माणूस म्हणतो, तेच!

आपल्या भाषेत अशा शब्दांची वाण नाही. मौज अरबीतून आली. तिकडे तिचा अर्थ लाट. मजा फारसीतली, म्हणजे चव. हर्षाचे मूळ अंगावर काटा उभा राहण्यात आहे; त्याचेच आपण हरिख केले आणि हरखू लागलो. सुखाची गोष्ट तर गाडीवानाला आवडेल अशी. ‘ख’ म्हणजे भोक. चाकाच्या तुंब्याचे भोक नीट असले की चाक न कुरकुरता फिरते, ते सुख, असे काही पंडित सांगतात. सगळ्यांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. पण भरली बैलगाडी हाकलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

आता आनंद. तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचे मोजमाप आहे. तेथे सुरुवात कोठून केली आहे, पाहा. तरुण, शिकलेला, धडधाकट माणूस, आणि धनाने भरलेली सारी पृथ्वी त्याची. हा मनुष्याचा एक आनंद. त्याच्या शंभरपट पुढचा, त्याच्या शंभरपट त्याच्या पुढचा, असे करीत ब्रह्मानंदापर्यंत जायचे. कोणतीही इच्छा न उरलेल्या ज्ञात्यालाही तो पुढच्या प्रत्येक पायरीवर मिळतो, असेही तेथे म्हटले आहे. पण मापाची पहिली पायरी उपाशी पोटाची ठेवलेली नाही. ‘आहे त्यात आनंद माना’ असे कर्जात बुडालेल्याला सांगणारे आपण लोक ही पायरी सोयीने विसरतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिलेल्या या जिल्ह्यात तरी असा उपदेश जपून करावा.

राळेगाव तालुक्यातच रावेरी आहे. तेथे सीतेचे मंदिर आहे, शेजारी राम नाही. शरद जोशी यांच्या पुढाकाराने त्याचा जीर्णोद्धार झाला. गावची कथा अशी, की टाकून दिलेली सीता येथे बाळंत झाली आणि तिने गावात मूठभर गहू मागितले. कोणी दिले नाहीत. तेव्हा तिने शाप दिला, की या गावात गहू पिकणार नाही. सारी पृथ्वी तिने मागितली नव्हती. मूठभर गव्हाने तिला बरं वाटलं असतं.

शिक्षकबंधू-भगिनींनो, ‘माझा आनंदाचा दिवस’ हा निबंध मुलांना जरूर द्या. पण आधी घरी या गोष्टीला काय म्हणतात, ते विचारा. पुस्तकी आनंद लिहिताना मूल सहलीला जाते, न पाहिलेला समुद्र पाहते. घरचा शब्द दिला की पोळा येईल, आदल्या संध्याकाळची खांदशेकणी येईल. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यावर बाप तूप-हळद चोळतो, उद्याच्या जेवणाचे आवतण देतो, आणि बैल मान थोडी खाली करून उभा राहतो.