ताळा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला अमेरिकेतल्या अनुभवाबद्दल बोलायला सांगितलं आहे. मी बोलणार आहे आयकराच्या एका कागदाबद्दल आणि आपल्या गणिताच्या सरांबद्दल. उत्तर बरोबर असलं तरी खाली ताळा नसेल तर सर अर्धा गुण कापायचे. "उत्तर बरोबर आहे ना, सर?" असं म्हटलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "ते तुला कसं कळलं?"

ऑगस्ट 1998 मध्ये मी एम.एस.साठी ओहायोत गेलो. जून 2000 मध्ये पहिली नोकरी लागली, विद्यार्थी व्हिसावरच. पगार महिना 3,000 डॉलर. तिथे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा डब्ल्यू-2 नावाचा कागद जानेवारीअखेर कंपनीकडून मिळतो. त्यावरून हिशेब मात्र ज्याचा त्याने करायचा आणि केंद्र सरकारकडे रिटर्न भरायचं. मुदत 15 एप्रिल. 2001 साली त्या दिवशी रविवार होता, म्हणून 16.

आम्ही चौघे एका घरात राहायचो. 15 तारखेच्या रात्री एकाने आपला भरलेला 1040ए फॉर्म टेबलावर ठेवला आणि बाकी तिघांनी त्यावर बघून आपापले आकडे भरले. शाळेत गृहपाठ उतरवायचो, अगदी तसंच. त्यात कॉलेजच्या फीवर मिळणारी एक करसवलत होती. तिच्यामुळे मला 600 डॉलर जास्त परत आले, तेव्हाचे जवळजवळ 28 हजार रुपये. मी ते घरी पाठवले. वडिलांनी पावसाआधी छपराचे पत्रे बदलले आणि मुलाच्या कमाईचं छप्पर म्हणून सगळ्या आळीला सांगितलं.

पुढच्या फेब्रुवारीत काही कामासाठी विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात गेलो होतो. कराचा विषय निघाला. तिथल्या बाईंनी एकच विचारलं, "या देशात पहिल्यांदा कधी आलात?" 1998, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग तुमचा फॉर्म चुकलाय." विद्यार्थी व्हिसावरची पहिली पाच कॅलेंडर वर्षं करापुरता माणूस अनिवासी धरतात. त्याचा फॉर्म 1040एनआर. भारताशी असलेल्या करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट मिळते, पण फीवरची ती सवलत नाही.

मित्र म्हणाले, गप्प बस, कोण बघतंय? खरं सांगतो, दोन आठवडे मी गप्प बसलो. पैसे तर छपरावर गेले होते. पण माझी सही ज्या मजकुराखाली होती, तो मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. हे सर्व खरं आहे, खोटं असल्यास शपथभंगाच्या शिक्षेला पात्र, असा त्याचा अर्थ होता. मी 1040एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरला. 600 डॉलर आणि त्यावरचं व्याज परत केलं. दोन महिने हात आखडून काढले.

त्याच निमित्ताने डब्ल्यू-2 रकाना रकाना करून वाचला. चौथ्या आणि सहाव्या रकान्यात सोशल सिक्युरिटीचे 6.2 टक्के आणि मेडिकेअरचे 1.45 टक्के कापलेले दिसले. माझ्यासारख्या अनिवासी विद्यार्थ्याच्या पगारातून ते कापायचेच नसतात! 21,000 डॉलरवर ती रक्कम 1,606 डॉलर झाली होती. कंपनीला पत्र लिहिलं, आणि काही महिन्यांनी ती परत मिळाली.

हे प्रामाणिकपणाचं बक्षीस म्हणून सांगत नाही. ते पैसे बुडाले असते तरी 600 डॉलर माझे नव्हतेच. मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. एक चूक माझ्या फायद्याची होती, दुसरी तोट्याची, आणि दोन्ही मला दिसल्या नव्हत्या, कारण स्वतःच्या पगाराचा कागद मी वाचलाच नव्हता.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण इथेच नोकरी कराल. हातात कापलेल्या कराचा कागद येईल. रिटर्न कोणाकडूनही भरून घ्या, पण त्याआधी तो कर खात्याच्या नोंदीशी स्वतः जुळवून पाहा. सही तुमची असते.

सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला जरा उशीर झाला. आता मी ताळा लिहितो.