व्हाळाचे पाणी कोण भरून देणार?

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा गोषवारा)



खाण खोल गेली की विहीर आटते, हे डिचोली-सत्तरी-सांग्याच्या माणसाला सांगायला नको. शिरगावच्या लोकांनी हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत नेला. पण पाणी गेले की आपण मागतो काय? टँकर. माझे म्हणणे असे, की ही मागणीच तोकडी आहे. टँकरने घागर भरते. कुळागर, वायंगण आणि खुद्द व्हाळ यांना त्याचा काय उपयोग?

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात हाच वाद वाळूगोट्यांच्या खाणींवरून झाला. तिथे नदीकाठची जमीन खोदून बांधकामासाठी रेती-गोटे काढतात. खोदता खोदता भूजल उघडे पडते आणि खड्ड्याचे तळे होते. आता यात पाणी घेतले कुठे, आम्ही तर नुसते दगड काढले, असे खाणवाल्याला म्हणता येते. 1988 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की भूजलाला भिडलेला खड्डा म्हणजे विहीरच. 1989 साली विधिमंडळाने कायदा केला. 1980 अखेरपर्यंत पाणी उघडे पडलेल्या जुन्या खड्ड्यांना बाष्पीभवनाच्या भरपाईतून सूट मिळाली (वजनदार मंडळी तिथेही आहेत!), पण पुढच्यांना हिशेब द्यावाच लागतो.

हा हिशेब कसा, ते नीट पाहण्यासारखे आहे. उघड्या पाण्यावरून किती वाफ उडाली, गोट्यांबरोबर किती ओल बाहेर गेली, धूळ दाबायला किती पाणी मारले, हे सारे महिनावार मांडायचे. तितके पाणी दुसरीकडून हक्काने मिळवून नदीत सोडायचे. तेही खालच्या हक्कदाराला त्याची झळ लागते तिथे आणि त्या वेळी. जमिनीखालून चालणारे पाणी सावकाश चालते. आज खड्ड्यात कमी झालेले पाणी नदीत काही महिन्यांनी कमी पडते, तेही हिशेबात धरतात.

एका हेक्टरच्या तळ्यावरून वर्षाला एक मीटर पाणी उडाले असे धरा. ते एक कोटी लिटर होते, म्हणजे दहा हजार लिटरचे हजार टँकर. खाण संपली तरी तळे राहतेच, म्हणून देणेही राहते. सुटायचे तर खड्डा बुजवा, नाहीतर भोवती मातीची अभेद्य भिंत घालून भूजलापासून तोडा. तिथले असे बरेच खड्डे आज साठवण तलाव झाले आहेत.

आपल्याकडे ते जसेच्या तसे चालणार नाही. तिथे पाण्यावर आधी आलेल्याचा हक्क पहिला. त्यापेक्षा पाटाची पाळी लावणारी आपली जुनी गावकरी पद्धत मला शहाणी वाटते. शिवाय आपल्याकडे पाऊस धो धो. वर्षाची बेरीज केली तर खाणवाला सहज सुटेल. म्हणून हिशेब महिन्याचाच हवा, आणि तोही फाल्गुन-चैत्राचा.

आपल्या लोहखाणींची आणखी एक गोम आहे. काही खड्डे समुद्रसपाटीच्याही खाली गेले. रात्रंदिवस पंप लावून पाणी बाहेर फेकायचे, त्यावर व्हाळ वाहताना दिसायचा आणि लोकांना वाटायचे, पाणी आहे की! पंप थांबला की झर परत येत नाही. आधी खड्डा भरतो, मग उरले तर झरीला. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी थांबल्या तेव्हा खड्ड्यांत पाणी आणि गावात ओरड, असे चित्र त्यामुळेच होऊ शकते.

डिसेंबर 2022 पासून पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आहेत. पर्यावरण परवान्यासाठी जनसुनावणी होते. तिथे नुसते 'खाण नको' किंवा 'खाण हवी' म्हणून परतू नका. खोदकामाआधी प्रत्येक झरीचे आणि व्हाळाचे बारा महिन्यांचे माप घ्यायला लावा, आणि ते पंचायतीच्या दप्तरात ठेवा. उपशाला मीटर असू दे, त्याची नोंद ग्रामसभेत वाचली जाऊ दे. घटलेले पाणी व्हाळातच, बांधाच्या वरच्या अंगाला, गाळ बसवून परत सोडायची अट परवान्यात घालायला सांगा. आणि खाण बंद झाल्यावर पंपाचे वीजबिल कोण भरणार, हे लेखी मागा. त्यासाठी आधी ठेव घ्या. मागाहून कोणी सापडत नाही.

माप घ्यायला मोठी यंत्रे लागत नाहीत. झरीला बादली आणि घड्याळ पुरते. आपल्या पोरांनी येत्या मार्गशीर्षापासून सुरुवात करावी.