दुखणं आपलं, कागद कुणाचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आरोग्यविषयक व्याख्यान' असं छापलं आहे. ते वाचून पहिल्या रांगेतल्या दोघी डॉक्टर ताई एकमेकींकडे पाहून हसल्या, ते मी पाहिलं. हसणं बरोबरच आहे. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांची मापं घेणारा माणूस. कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. पण ज्याचं दुखणं वर्षानुवर्षं जात नाही, त्याच्या कागदपत्रांचं आणि त्याच्या अब्रूचं काय होतं, यावर चार शब्द बोलायची इच्छा आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

हाड मोडलं तर फोटोत दिसतं. प्लास्टर घातलं की ऑफिसात लोक उठून खुर्ची देतात. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याचं तसं नसतं. मणक्यातली चिमटलेली नस, नागिणीनंतर मागे राहिलेली जळजळ, अर्धशिशी यांचं बाहेरून काहीच दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीची अकरावी आवृत्ती 2019 मध्ये मंजूर झाली आणि 2022 पासून लागू झाली. त्या यादीत जुनाट वेदनेला पद्धतशीर जागा मिळाली. म्हणजे दुखणं अनादि काळापासूनचं, पण ते वहीत नीट नोंदवायला एकविसावं शतक उजाडलं.

दिसत नाही म्हणूनच या रुग्णाला फार बोलावं लागतं. पेन क्लिनिकचे डॉक्टर विचारतात, झोप किती लागते, मन कसं असतं, घरात कटकटी आहेत का, दारू किती, नवरा-बायकोचे संबंध कसे. त्यांना ते विचारावंच लागतं, कारण उपचार त्यावर ठरतात. त्यामुळे पाय मोडलेल्या माणसाच्या फायलीत फक्त पाय असतो, पण कंबर दुखणाऱ्याच्या फायलीत त्याचं सगळं घर असतं. आणि ती फाईल किती हातांतून जाते? ओपीडीच्या खिडकीवर, औषधवाल्याकडे, विम्याच्या माणसाकडे, नोकरी असेल तर साहेबाच्या टेबलावर.

तो साहेब म्हणजे मी. आता ती चूक सांगतो.

2018 चा पावसाळा. माझ्या सेक्शनवर पन्नाशीतला एक ट्रॅकमन होता. इकडचाच, पंजाबी. गँगमध्ये सगळ्यात कमी बोलणारा आणि सगळ्यात आधी हत्यार उचलणारा. आदल्या हिवाळ्यात रूळ सरकवताना त्याच्या कमरेत लचक भरली आणि कळ डाव्या पायात उतरली. मधे काही दिवस तो सिकमध्ये होता, मग फिट होऊन आला. एके दिवशी चहाच्या वेळी त्याच्या डब्याच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी खाली पडली. ट्रॅमाडॉल. मी ती उचलली, नाव वाचलं आणि वीस माणसांसमोर म्हणालो, "अरे, तू भी गोली पे लग गया क्या?"

सगळे हसले. मीही हसलो.

इथे राहणाऱ्यांना हे शब्द समजावून सांगायला नकोत. आपल्या गावाकडे ट्रॅमाडॉल म्हणजे वेदनाशामक, फार तर एक अवघड नाव. पंजाबात त्या गोळीला नशेचा वास आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं होतं. त्याआधीही, 1 मार्च 2014 पासून, ती एच-वन यादीत होती. या यादीतलं औषध विकताना दुकानदाराला रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. हेतू योग्यच आहे. या भागात नशेने किती घरं बसली ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे ते नियम नकोत असं मी म्हणणार नाही. पण लहान गावातल्या दुकानात ते रजिस्टर काउंटरवर उघडं पडलेलं असतं आणि मागे उभा असलेला शेजारी मान लांब करून वाचत असतो, त्याचं काय? शिवाय पुष्कळ दुकानदारांनी कटकट नको म्हणून माल ठेवणंच सोडलं. चिठ्ठी दाखवली की "नहीं है जी" एवढंच उत्तर.

तर माझ्या त्या विनोदानंतर या गड्याचं नावच 'गोली' पडलं. त्याने पट्टी आणणं बंद केलं. डॉक्टरकडे जाणंही बंद केलं, हे मला पुढे कळलं. सुमारे तीन आठवड्यांनी लाइनवर काम चालू असताना लुकआउटमनची शिट्टी झाली. गँग बाजूला झाली आणि हा मात्र दोन स्लीपरांच्या मध्ये वाकलेल्या अवस्थेत अडकल्यासारखा उभा. पाय उचलेना. दोघांनी काखेत हात घालून त्याला ओढून काढलं. गाडी अजून लांब होती, अपघात झाला नाही. पण ती गाडी माझ्या डोळ्यांसमोरून जाईपर्यंत माझा श्वास खाली आला नाही.

संध्याकाळी त्याला बाजूला घेतलं. दुखत होतं तर सांगितलं का नाहीस, म्हणून रागावलो. तो खाली बघत म्हणाला, "साब, दर्द तो पहले भी था. आपने बोलने लायक नहीं छोड़ा."

याला काय उत्तर देणार?

मंडळी, इथे एक अडचण खरी आहे, ती मी लपवणार नाही. त्या गोळीने चक्कर येते, गुंगी येते. गुंगीतला माणूस रुळावर उभा करणं हाही गुन्हाच. म्हणजे साहेबाला काही कळायला हवं, हे खरं. पण काय कळायला हवं? या माणसाला आज लाइनवर उभं करायचं की नाही, वजन उचलायला द्यायचं की नाही, आणि किती दिवस. बस्स. आमच्याकडे रुळाशेजारी पिवळी त्रिकोणी पाटी असते. तिच्यावर नुसता आकडा असतो, 30 किंवा 20. ड्रायव्हर त्या वेगाने गाडी नेतो. खालची माती खचली, की पूल जुना झाला, हे पाटीवर लिहिलेलं नसतं आणि त्यामुळे ड्रायव्हरचं काही अडत नाही. कारण ज्याने दुरुस्ती करायची त्याच्या वहीत असतं. डॉक्टरने मला पाटी द्यावी, वही त्यांच्याकडे ठेवावी.

कायदा साधारण हेच सांगतो. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरने रुग्णाचं गुपित फोडायचं नाही. अपवाद आहेत, कोर्टाचा हुकूम असेल, कुणाला निश्चित आणि गंभीर धोका असेल, किंवा कळवणं बंधनकारक असलेला आजार असेल. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. इस्पितळातून रक्ततपासणीची बातमी बाहेर गेली आणि एकाचं ठरलेलं लग्न मोडलं. गोपनीयतेचा हक्क आहे पण तो अमर्याद नाही, असं तेव्हा न्यायालय म्हणालं. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यातला मुख्य निकाल आपल्या न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला आणि त्यात वडिलांचा, म्हणजे यशवंतराव चंद्रचूडांचा सहभाग असलेला आणीबाणीतला 1976 चा निकाल चुकीचा ठरवला. बापाची चूक मुलाने भर कोर्टात दुरुस्त केली, याचं मला फार कौतुक वाटतं.

2023 मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. पण त्यातही नोकरीच्या कामासाठी मालकाला काही माहिती संमतीवाचून वापरायची मुभा आहे. म्हणजे माझ्यासारख्या चहाच्या वेळी तोंड सुटणाऱ्या साहेबाला तो कायदा कितपत आवरेल, याची मला शंका आहे.

आता दुसरी बाजू, औषध मिळण्याची. माझी थोरली आत्या साताऱ्याकडे असायची. 2009 मध्ये तिला कॅन्सर झाला, शेवटी हाडांत उतरला. डॉक्टर म्हणाले, मॉर्फिन द्यायला हवं, पण आमच्याकडे नाही, मुंबईला जा. बैलगाडीच्या धक्क्यानेसुद्धा ओरडणाऱ्या बाईला मुंबईला न्यायचं कसं? चुलतभाऊ एकटाच कागद घेऊन जायचा, गोळ्या घेऊन यायचा. एकदा त्याला यायला दोन दिवस उशीर झाला. ते दोन दिवस आमच्या घरात आजही कुणी बोलून दाखवत नाही.

तेव्हा मला वाटलं, औषध परदेशातून येत असेल, महाग असेल. नंतर कळलं ते उलटंच होतं. मॉर्फिन अफूपासून बनतं आणि सरकारी परवान्याची अफू आपल्याच नीमच, मंदसौर, चितोडगडच्या शेतांत पिकते. ती काढणारे सरकारी कारखाने नीमचला आणि गाझीपूरला आहेत. गोळी स्वस्त आहे. अडलं होतं कागदांवर. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात शिक्षा कडक, अनेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षं. राज्याराज्यांचे नियम वेगळे, चार-पाच परवाने वेगवेगळ्या खात्यांचे, आणि एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली. इस्पितळांनी हातच लावायचं सोडलं. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर 1997 पर्यंत 18 किलोच्या आसपास घसरला. एवढ्या मोठ्या देशाला 18 किलो! आमच्या स्टोअरमध्ये याहून जास्त खिळे गंजून पडलेले असतात.

याविरुद्ध जी माणसं लढली त्यांत केरळचे डॉक्टर एम. आर. राजगोपाल यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. 1993 मध्ये कालिकतला त्यांनी सहकाऱ्यांसह काम सुरू केलं, पुढे पॅलियम इंडिया काढली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या महाराष्ट्रातही मुंबईला शांती अवेदना सदन 1986 पासून आणि पुण्याला वारज्याचं सिप्ला केंद्र 1997 पासून आहे. या साऱ्या खटपटीनंतर 2014 मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि इस्पितळाला पाच दारं ठोठावण्याऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. माझ्या आत्याला ते पाच वर्षं उशिरा आलं.

आपण चंडीगडकर नशीबवान. पीजीआय हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे पेन क्लिनिक आहे. हिमाचलातून रात्रभर बसने येऊन पहाटे रांगेत बसलेली माणसं पाहिली की हे जास्त कळतं. म्हणूनच गावाकडून आपल्याला फोन येतात, "पीजीआयमध्ये ओळख आहे का?" आणि इथे मला मंडळाविषयी थोडं कडू बोलायचं आहे, गणपतीसमोर आहे म्हणून बोलतो. असा फोन आला की आपण काय करतो? पेशंटचे सगळे रिपोर्ट, नाव-पत्त्यासकट, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. दोनशे माणसांच्या हातात. मदतीच्या भावनेनेच करतो. पण मागच्या वर्षी आपल्यातल्याच एका गलाईवाल्या बंधूंच्या घरच्या सुनेचा कागद असाच फिरला, त्यात मनाच्या आजाराच्या गोळीचं नाव होतं, आणि विट्याला तिच्या माहेरी तो तिच्याआधी पोचला. ती गोळी नसांच्या दुखण्यावरही देतात, हे सांगायला कुणी गेलं नाही. कार्यकारिणीला माझी विनंती आहे, की ग्रुपवर फक्त 'अमुक विभागात मदत हवी' एवढंच लिहावं आणि कागद ज्याला लागेल त्या एकाला द्यावा.

आणि दोन कामाच्या गोष्टी. इस्पितळात दाखल असताना झालेले कागद मागितले तर 72 तासांत द्यायचे, असं त्याच 2002 च्या नियमांत आहे. तीन वर्षं ते जपणं बंधनकारक आहे, तेव्हा वेळेत मागा. आणि कडक औषध घेऊन प्रवास करताना डॉक्टरची चिठ्ठी आणि दुकानाची पावती जवळ ठेवा. आपल्याकडे ऑगस्ट 2020 मध्ये डिजिटल आरोग्य योजना पहिल्यांदा ज्या केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली, त्यांत चंडीगड होतं. त्यात कागद कुणाला दाखवायचे ते तुमच्या संमतीवर आहे. खिडकीवरचा मुलगा "ओटीपी बताओ" म्हणाला, की कशासाठी ते एकदा विचारा. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे संगणक हल्ल्याने बंद पडले होते, तेव्हा विचारायला लाजू नका.

मी माझ्या ऑफिसात एवढंच केलं, की सिक-फिटचे कागद आता पाकिटात घेतो आणि कुलपात ठेवतो. सिकचं रजिस्टर टेबलावरून उचललं. आणि गँगसमोर त्या माणसाची माफी मागितली. सोपं गेलं नाही. त्याला हलकं काम मिळालं, उपचार परत सुरू झाले. 'गोली' हे नाव मात्र पूर्ण पुसलं गेलं नाही. ते मी दिलेलं होतं.

आता तो निवृत्त झाला आहे. मागच्या महिन्यात पीजीआयच्या गेटपाशी भेटला, हातात फाईल होती. मी चहा विचारला. कशासाठी आलास, हे विचारलं नाही. चहा अर्धा झाल्यावर तो आपणहून सांगू लागला आणि पाऊण तास सांगत होता.

आरतीची वेळ झाली आहे, ताट आलेलं दिसतं. गणपती बाप्पा मोरया!